घटिकापात्र ते यंत्रमानव : अल-जझरीचे जीवन आणि कार्य

दुबईच्या इब्न बतूता मॉलमधील ‘इंडिया कोर्ट’ या दालनात एक भव्य हत्ती उभा आहे. मानेवर माहूत, पाठीवर अंबारी, अंबारीत लेखणी धरून बसलेला लेखनिक, त्यावर घुमटाचा मनोरा, मनोऱ्याच्या शिखरावर पक्षी आणि खांबांच्या मधोमध तोंड वासलेले दोन नाग. सुट्टीच्या दिवशी आलेली कुटुंबे त्याच्यासमोर छायाचित्रे काढतात आणि पुढे जातात. पण तो हत्ती निव्वळ शोभेचा नाही. ते एक घड्याळ आहे. आठशे वर्षांपूर्वी एका कारागिराने ते कसे बनवावे याची तपशीलवार कृती लिहून ठेवली. त्या कारागिराचे नाव बदी अल-झमान अबू अल-इझ्झ इब्न इस्माईल इब्न अल-रझ्झाझ अल-जझरी. यंत्रमानवाचा इतिहास सांगताना जगभर ज्यांची नावे प्रथम घेतली जातात, त्यांपैकी हा एक.

या घड्याळाचे रहस्य हत्तीच्या पोटात आहे आणि मराठी माणसाला ते ओळखीचे वाटावे असे आहे. पोटातल्या पाण्याच्या टाकीत बुडाशी बारीक छिद्र असलेले एक पात्र तरंगत असते. छिद्रातून पाणी आत शिरते, पात्र हळूहळू जड होते आणि ठरलेल्या वेळी बुडते. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडले जाणारे घटिकापात्र नेमके हेच. आपले पात्र २४ मिनिटांची घटिका मोजते. अल-जझरीचे पात्र अर्ध्या तासाने बुडे. घटिका भरली हा आपल्या भाषेतील शब्दप्रयोग याच पात्रातून आला.

फरक पुढे आहे. आपल्याकडे पात्र बुडाले की ते उचलून, रिकामे करून पुन्हा पाण्यावर ठेवायला माणूस लागे. अल-जझरीने त्या माणसाचे काम यंत्रावर सोपवले. बुडणारे पात्र दोरी ओढते, त्यामुळे वरच्या मनोऱ्यातून धातूचा एक गोळा सुटतो. तो ससाण्याच्या चोचीतून नागाच्या जबड्यात पडतो. गोळ्याच्या वजनाने नाग खाली झुकतो आणि झुकताना साखळीने बुडालेले पात्र वर ओढून रिकामे करतो. गोळा खालच्या भांड्यात पडून आवाज होतो, माहूत हत्तीच्या मस्तकावर प्रहार करतो, हलका झालेला नाग पुन्हा वर जातो आणि पात्र पुन्हा भरू लागते. यंत्राने केलेल्या क्रियेचा परिणाम यंत्राकडेच परत येतो आणि पुढची क्रिया सुरू करतो. वर गोळे शिल्लक असेपर्यंत हे चक्र माणसाच्या हाताविना चालू राहते.

अमिदच्या दरबारात

अल-जझरीच्या खासगी आयुष्याविषयी फारच थोडी माहिती उरली आहे आणि जी आहे ती त्याच्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेतून आलेली आहे. अल-जझरी म्हणजे अल-जझिरा प्रदेशाचा. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या दरम्यानचा उत्तरेकडील भूभाग त्या काळी या नावाने ओळखला जाई. बदी अल-झमान ही त्याला लाभलेली उपाधी. तिचा अर्थ युगाचे आश्चर्य.

त्याची कर्मभूमी होती अमिद, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील दियारबाकिर. अर्तुकिद हे तुर्कमान घराणे तैग्रिसच्या काठावरील हिस्न कैफा येथून राज्य करीत होते. सलाउद्दीनने ११८३ साली अमिद जिंकून या घराण्याच्या नूर अल-दीन मुहम्मदच्या हवाली केले. धर्मयुद्धांचा आणि सतत बदलणाऱ्या निष्ठांचा तो काळ. अशा काळात अल-जझरीने एकाच घराण्याच्या तीन राजांची चाकरी केली : आधी पिता नूर अल-दीन मुहम्मद, मग त्याचा एक पुत्र आणि शेवटी दुसरा पुत्र नासिर अल-दीन महमूद. ग्रंथ लिहायला घेतला तेव्हा या सेवेला सुमारे पंचवीस वर्षे झाली होती.

दरबारातील त्याचे स्थान पंडिताचे नव्हते. तो हाताने काम करणारा कारागीर होता. तांबे-पितळ ओतणे, लाकूड तासणे, दंतचक्रे कापणे आणि पाण्याच्या नळ्यांचे वळण बसवणे हा त्याचा रोजचा व्यवसाय. ग्रीकांच्या आणि बगदादच्या परंपरेतील यंत्रविद्येचे ग्रंथ त्याला ठाऊक होते. नवव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेल्या बनू मूसा बंधूंच्या चतुर यंत्रांविषयी आणि आर्किमिडीजच्या नावावर चालत आलेल्या जलघड्याळाविषयी त्याने आदराने लिहिले आहे. मात्र हा आदर आंधळा नव्हता.

पूर्वसुरींची चूक

प्रस्तावनेत अल-जझरी एक भूमिका मांडतो. पूर्वीच्या विद्वानांनी पुष्कळ यंत्रे वर्णिली, पण त्यांपैकी सगळीच त्यांनी स्वतः बांधून पाहिलेली नव्हती. आणि जी यंत्रविद्या प्रयोगाच्या कसोटीवर उतरलेली नाही, ती खऱ्या-खोट्याच्या मध्ये लोंबकळत राहते, असे त्याचे मत. त्याचे सारे आयुष्य या एका मतावर उभे आहे.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे त्याचे किल्ल्याच्या आकाराचे मोठे जलघड्याळ. ते माणसाच्या उंचीहून बरेच उंच होते. त्यावर राशिचक्र फिरे, तासागणिक दारे उघडत, ससाणे गोळे टाकत आणि वादकांच्या आकृती वाद्ये वाजवत. पण खरा प्रश्न या देखाव्याच्या मागे होता. त्या काळी सूर्योदय ते सूर्यास्त या अवधीचे बारा समान भाग करून तास मोजत. साहजिकच उन्हाळ्यातला तास मोठा आणि हिवाळ्यातला लहान. म्हणजे पाण्याचा प्रवाह दररोज किंचित बदलायला हवा. त्यासाठी पूर्वीच्या कारागिरांनी अर्धवर्तुळाकृती तबकडी वापरली होती. तिच्यावरील खुणांप्रमाणे छिद्र वर-खाली फिरवले की पाण्याचा दाब आणि प्रवाह बदले.

अल-जझरीने ती तबकडी बनवली, पाणी मोजले आणि ती चुकीची असल्याचे त्याला आढळले. परंपरेतली सुधारित आवृत्तीही त्याने करून पाहिली. तीही उतरली नाही. शेवटी त्याने पूर्ण वर्तुळाची तबकडी घेतली आणि पुन:पुन्हा पाणी सोडून, मोजून, तिच्यावरील प्रत्येक खूण प्रयोगाने निश्चित केली. ग्रंथ एक सांगतो आणि पाणी दुसरे सांगते, अशा वेळी त्याने पाण्यावर विश्वास ठेवला.

प्रवाह स्थिर राखण्यासाठी त्याने वापरलेली युक्ती आजही आपल्या घराघरांत आहे. मोठ्या टाकीखाली एक लहान टाकी, तीत तरंगता गोळा आणि त्याला जोडलेली शंकूच्या आकाराची झडप. पाणी वाढले की गोळा वर येऊन झडप बंद करतो, पाणी कमी झाले की झडप उघडतो. प्लंबर ज्याला बॉल कॉक म्हणतात, त्याचेच हे तत्त्व. मोजायचे, अपेक्षेशी ताडून पाहायचे आणि फरक असेल तर दुरुस्त करायचा. अभियांत्रिकीच्या परिभाषेत याला फीडबॅक म्हणतात आणि आजच्या प्रत्येक रोबोच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

यंत्राचे नोकर

अल-जझरीच्या काही यंत्रांमागे राजाच्या मनातला एक संकोच होता. नमाजापूर्वी हातपाय धुताना सेवकाने किंवा दासीने हातावर पाणी ओतावे, हे राजाला रुचत नसे. त्याने अल-जझरीला त्यासाठी काही साधन करण्यास सांगितले आणि मानवाकृती सेवक जन्माला आला. ठरलेल्या क्रमाने पाणी ओतणारा आणि मग पुसायला वस्त्र पुढे करणारा हा सेवक पाण्याच्या वजनावर आणि तरफांवर चाले.

मोराच्या आकाराचे त्याचे हात धुण्याचे पात्र याहून चतुर होते. मोराच्या चोचीतून पाणी येई. वापरलेले पाणी खालच्या भांड्यात साठत जाई आणि ठराविक पातळीला पोहोचले की तरंगता गोळा वर येऊन एक दार उघडे. दारातून साबणाची पूड घेतलेली लहानशी सेवकाकृती बाहेर येई. पाणी आणखी वाढले की दुसरे दार उघडे आणि दुसरी आकृती पंचा पुढे करी. पाहुणा आता कोणत्या टप्प्यावर आहे, हे यंत्राला सांडपाण्याच्या पातळीवरून कळे. आज ज्याला आपण सेन्सर म्हणतो, त्याचे काम इथे पाणीच करीत होते.

रोबो म्हणजे काय, याचे उत्तर या मोरपात्रावरून सहज देता येते. परिस्थितीची जाणीव, त्यावरून निर्णय आणि निर्णयाप्रमाणे कृती, या तिन्ही गोष्टी ज्या यंत्रात एकत्र येतात तो रोबो. मोरपात्रात जाणीव एकच आणि निर्णय दोनच होते. शिवाय ते निर्णय तरफांच्या लांबीत कायमचे कोरलेले होते. आजच्या रोबोत हे निर्णय संगणकाच्या प्रणालीत असतात आणि ते बदलता येतात. एवढे अंतर मान्य केले, तरी दोघांचे कूळ एकच आहे.

रोबो हा शब्द मात्र अल-जझरीनंतर सातशे वर्षांनी आला. चेक लेखक कारेल चापेक याने १९२० साली लिहिलेल्या नाटकात तो प्रथम वापरला. मूळ चेक शब्दाचा अर्थ आहे सक्तीची मजुरी. मराठीत त्याला नेमका शब्द आहे : वेठ. यंत्रमानवाच्या नावातच वेठबिगारीची आठवण दडलेली आहे. राजाच्या दासीला पाणी ओतण्याच्या कामातून सोडवणारे अल-जझरीचे यंत्र आणि चापेकचा शब्द, दोन्ही एकाच प्रश्नाकडे बोट दाखवतात : यंत्र आले तर कोणाच्या खांद्यावरचा भार उतरतो?

संयुक्त अरब अमिरातीत या प्रश्नाला एक ठोस उत्तर मिळालेले आहे. उंटांच्या शर्यतीत स्वार हलका हवा म्हणून पूर्वी पाकिस्तान, बांगलादेश, सुदान आदी देशांतून आणलेली लहान मुले उंटांवर बसवली जात. पडून, चिरडून ती जखमी होत. काहींचे प्राणही गेले. २००५ साली अमिरातीने कायद्याने १८ वर्षांखालील स्वारांवर बंदी घातली आणि युनिसेफच्या साहाय्याने एक हजाराहून अधिक मुलांना मायदेशी परत पाठवण्यात आले. त्यांच्या जागी उंटाच्या पाठीवर काही किलो वजनाचा यंत्रस्वार आला. धावपट्टीच्या कडेने मोटारीतून जाणारा मालक दूरनियंत्रकाने त्याचा चाबूक फिरवतो. रोबोची कसोटी लावली, तर हा यंत्रस्वार स्वतः निर्णय घेत नाही म्हणून तो अपुराच ठरेल. पण वेठीचा एक खांदा त्याने मोकळा केला, हे खरे.

चालणारे यंत्र

अल-जझरीच्या यंत्रांपैकी आजच्या चालत्या रोबोच्या सर्वांत जवळ जाणारी आकृती आहे मद्य देणाऱ्या दासीची. ती एका बंद कपाटात असे. वरच्या टाकीतून थेंबथेंब पडणारे पेय एका कलत्या पात्रात साठे. सुमारे साडेसात मिनिटांनी ते पात्र कलंडून पेय दासीच्या हातातल्या पेल्यात ओतले जाई. पेल्याचे वजन वाढताच चाकांवर बसवलेली दासी उतारावरून पुढे घरंगळे, दार ढकलून बाहेर येई आणि पेला राजापुढे धरी. तिला परत आत ढकलण्याचे काम माणसाचेच होते.

राजाच्या जलविहारासाठी त्याने तळ्यात सोडण्याची एक नौकाही केली होती. तीत चार वादकांच्या आकृती होत्या. आत फिरणाऱ्या दंडगोलावरील खुंट्या तरफांना धक्का देत आणि ताल वाजे. खुंट्यांच्या जागा बदलल्या तर ताल बदलता येईल, म्हणून शेफिल्ड विद्यापीठाचे रोबोतज्ज्ञ नोएल शार्की यांनी या नौकेला आज्ञावली बदलता येणाऱ्या यंत्रांच्या पूर्वजांत स्थान दिले आहे.

दासी उतार संपला की थांबे, नौका पाणी नेईल तिकडे जाई. आपण कुठे आहोत, हे दोघींनाही कळत नसे. चालत्या रोबोपुढचा मुख्य प्रश्न हाच आहे. गोदामातून खोकी वाहणारा किंवा दुबईच्या रस्त्यावरून घरपोच जेवण नेणारा रोबो आधी आपल्या चाकांचे फेरे मोजतो आणि त्यावरून किती अंतर कापले याचा अंदाज बांधतो. पण चाक घसरते, फरशी ओली असते, लहान चुका साठत जातात. म्हणून तो लेझरचे किरण सोडतो, ते भिंतीवर आदळून परत यायला लागणाऱ्या सूक्ष्म वेळेवरून अंतर काढतो, कॅमेऱ्याने खुणा ओळखतो आणि आपला अंदाज दुरुस्त करतो. अनोळखी जागी तो एकाच वेळी नकाशाही तयार करतो आणि त्या नकाशात स्वतःची जागाही शोधतो. मग मार्ग आखायचा, चाकांना वेग द्यायचा, अडथळा आला तर वळायचे आणि पुन्हा मोजायचे. हे चक्र सेकंदाला अनेक वेळा फिरत राहते. हत्तीच्या पोटातले चक्र अर्ध्या तासाने फिरे.

मोजमापावर विश्वास न ठेवल्यास काय होते, याचा धडा अमिरातीच्याच एका रोबोच्या वाट्याला आला. सुमारे १० किलो वजनाचे रशीद हे चारचाकी वाहन डिसेंबर २०२२ मध्ये चंद्राकडे निघाले. एका जपानी कंपनीचे अवतरक यान त्याला घेऊन एप्रिल २०२३ मध्ये उतरू लागले. खाली एका विवराचा कडा आला, जमीन एकदम खोल गेली आणि उंचीमापकाने वाढलेली उंची अचूक नोंदवली. परंतु ती अपेक्षेपेक्षा फार वेगळी असल्याने यानाच्या संगणकप्रणालीने उंचीमापकच बिघडल्याचे ठरवून ती नोंद बाजूला सारली. आपण जमिनीलगत आहोत असे समजून यान सुमारे पाच किलोमीटर उंचीवर तरंगत राहिले, इंधन संपले आणि ते कोसळले. रशीदचे चाक चंद्राच्या मातीला टेकलेच नाही. उतरण्याची जागा मागाहून बदलली होती आणि नव्या मार्गावरील भूभाग पूर्वचाचण्यांत पुरेसा तपासला गेला नव्हता, असे चौकशीत आढळले. न तपासलेल्या विद्येबद्दल अल-जझरीने दिलेला इशारा आठ शतकांनीही शिळा झालेला नाही.

पाणी वर चढवताना

दरबारी करमणुकीपलीकडे अल-जझरीने पाणी उपसण्याची पाच यंत्रे रचली. मोट आणि रहाटगाडगे पाहिलेल्या मराठी वाचकाला त्यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. एका यंत्रात लाकडी गाय रहाट ओढताना दिसे. प्रत्यक्षात खालच्या लपवलेल्या चक्राला वाहते पाणी फिरवी. दुसऱ्यात त्याने क्रँकचा उपयोग केला. पाचवे यंत्र सर्वांत महत्त्वाचे. त्यात समोरासमोर दोन नळकांडी, दोन दट्टे आणि पाणी खेचून घेणाऱ्या नळ्या होत्या. एक दट्ट्या पाणी ओढी तेव्हा दुसरा ते वर ढकली. फिरत्या गतीचे सरळ रेषेतील गतीत रूपांतर करणारी ही रचना पुढच्या काळातील पंप आणि इंजिनांच्या इतिहासात मानाने नोंदवली जाते.

सगळे सांगणारा ग्रंथ

अल-जझरीची यंत्रे पाहून नासिर अल-दीनने त्याला ती लिहून काढण्याची आज्ञा केली, कारण कारागिराबरोबर त्याची विद्याही जाईल अशी त्याला भीती होती. ग्रंथ १२०६ साली पूर्ण झाला. त्यात ५० यंत्रे सहा विभागांत मांडली आहेत : घड्याळे, पेयपात्रे, हात धुण्याची व रक्तमोक्षणाची पात्रे, कारंजी, पाणी उपसण्याची यंत्रे आणि संकीर्ण साधने. प्रत्येक यंत्राबरोबर आकृती आहे, भागांना अक्षरांच्या खुणा आहेत, मापे आहेत. लाकूड वाकू नये म्हणून त्याचे थर कसे जोडावेत, ओतकामासाठी वाळूचे साचे कसे बांधावेत, आधी कागदाची प्रतिकृती करून रचना कशी पारखावी, हेही त्याने लिहिले. ग्रंथ पूर्ण झाल्यानंतर लवकरच त्याचे निधन झाले असे मानले जाते.

या मोकळेपणाचे मोल कळण्यासाठी भारतातील एक ग्रंथ शेजारी ठेवावा. पुढे मराठेशाहीत पवारांची राजधानी झालेल्या धारमध्ये अकराव्या शतकात राजा भोजाने समरांगणसूत्रधार हा वास्तुशास्त्रावरील ग्रंथ रचला. त्यात यंत्रांवर एक अध्याय आहे आणि यांत्रिक सेवकांची वर्णनेही आहेत. पण यंत्रे कशी बांधावीत हे तिथे सांगितलेले नाही. ते अज्ञानामुळे नव्हे तर गुप्ततेसाठी, असा खुलासा ग्रंथातच केला आहे. ती यंत्रे आता वर्णनातच उरली आहेत.

अल-जझरीच्या ग्रंथाच्या पुढच्या शतकांत अनेक नकला झाल्या. १३१५ आणि १३५४ सालच्या हस्तलिखितांतील सुटी पाने आज न्यूयॉर्क, बॉस्टन येथील संग्रहालयांत आहेत. श्रीलंकेत जन्मलेले कलासमीक्षक आनंद कुमारस्वामी यांनी १९२४ साली त्यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. डोनाल्ड हिल या ब्रिटिश अभियंत्याने १९७४ मध्ये संपूर्ण ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. दोनच वर्षांनी, १९७६ साली, लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये किल्ल्याचे घड्याळ ग्रंथातील मापांनुसार पुन्हा उभारण्यात आले.

अल-जझरीच्या धन्यांचे हिस्न कैफा हे जुने नगर २०२० साली तैग्रिसवरील धरणाच्या जलाशयाखाली गेले. अर्तुकिद राज्य तर कित्येक शतकांपूर्वीच लयाला गेले होते. लंडनमधल्या त्या घड्याळात मात्र पाणी सोडल्यावर ते चालू लागले. प्रयोगाने तपासून लिहिलेल्या विद्येची कसोटी कर्त्याच्या मागे ७७० वर्षांनी घेतली गेली आणि ती कसोटीला उतरली.